रखमाचा धवला

करावे गावात हिरामणदादांबद्दल विचारलं तर लोक सांगतील, तुर्भ्याच्या कारखान्यात जन्म काढलेला अबोल म्हातारा. गिटार म्हटलं तर हसतीलच. पण एकोणीसशे बाहत्तर साली हाच गडी मानेपर्यंत केस वाढवून, विजेवरची गिटार गळ्यात अडकवून खाडीच्या बंधाऱ्यावर हिंडायचा. डोक्यात एकच खूळ. आपली लग्नातली गाणी, म्हणजे धवले, गिटारीवर, ड्रमवर बसवायची अन् त्यांची रेकॉर्ड काढायची.

गाणारी घरातच होती. बायको रखमा गावची धवलारीण. तिनं धवले गायल्याशिवाय गावात लग्न लागायचं नाही. पण रेकॉर्डला ती तयार होईना. धवल्यात नवरा-नवरीची नावं गुंफावी लागतात, आणि मांडव नसताना ती घेतली तर त्या जोडप्याला बाधतात, अशी गावाची समजूत. हिरामणदादांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं. शेवटी आली बिचारी. मुंबईच्या स्टुडिओत तिला काचेच्या खोलीत उभं केलं, दादा काचेच्या अलीकडे गिटार वाजवत होते. तिचे ओठ हलताना दिसले, शब्द काही ऐकू आले नाहीत.

रेकॉर्डी गावात आल्या आणि आठवड्याभरात एका नव्या नवरीचा नवरा तापानं गेला. त्यांच्या लग्नात रखमाच गायली होती. झालं! तिनं मशीनमध्ये त्या दोघांचीच नावं घेतली, असं गाव बोलू लागलं. बैठक बसली. रखमा एवढंच म्हणाली, की मी कोणाच्या पोरांची नावं घेतली नाहीत. मग कोणाची घेतलीस, यावर मान खाली घालून बसली. सगळे दादांकडे बघू लागले. बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलायला काय जात होतं? दादा गप्प राहिले. गावात वाजवायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे एकदाही न ऐकता त्यांनी सगळ्या रेकॉर्डी खाडीत बुडवल्या, गिटार विकली आणि कारखाना धरला.

रखमाला पुन्हा कोणी मांडवात बोलावलं नाही. चार वर्षांपूर्वी ती वारली, तोवर घरातसुद्धा कधी गुणगुणली नाही.

गेल्या महिन्यात महाप्याच्या आयटी कंपनीतली संघप्रिया दादांकडे आली. विसरलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधून पुन्हा लोकांपुढे आणायचा तिला नाद. स्टुडिओच्या भंगारात उरलेली रखमाची एक रेकॉर्ड तिला मिळाली होती. रखमानं खरंच त्या पोरांची नावं घेतली असतील तर? पन्नास वर्षं हा काटा दादांच्या मनात होता.

संघप्रियानं सुई टेकवली. गिटार आली, ड्रम आला, आणि बावीस वर्षांची रखमा गाऊ लागली. नवरीच्या जागी नाव आलं रखमा. नवऱ्याच्या जागी हिरामण.

बाधायचंच तर आपल्याला बाधू दे, असं मनाशी ठरवून गायली होती बाई. आणि बैठकीत म्हाताऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेणार कशी? तेव्हाच्या बायका घेत नसत. हे दादांना ठाऊक नव्हतं थोडंच!

कव्हरवर नाव काय छापायचं, असं संघप्रियानं दोनदा विचारलं. दादा रडत होते.

"घरी दोघंच तर होतो आमी," ते म्हणाले. "कवा इचारलाच नाय मी तिला. इचारला असता त सांगितला असता तिनी."