बंद केलेला दुसरा जिना

मुलांनो, आमच्या नव्या सात मजली इमारतीच्या पाहणीला येणारे नगरपरिषदेचे एक अभियंते नेहमी स्वतःच्या बुटांकडे पाहत बोलत. आग लागल्यावर उतरायचा दुसरा जिना बिल्डरने भिंत घालून बंद केला होता, म्हणून त्यांनी राहायची परवानगी अडवली. तरी मुहूर्त चुकू नये म्हणून आम्ही वास्तुपूजा उरकली, दूध उतू घातलं. त्यांनी प्रसाद घेतला आणि बुटांकडे पाहतच म्हणाले, "काकू, पूजा झाली, आता जुन्या घरी जा. इथं झोपू नोका."

"काऊन साहेब? पाचव्यावर तुमची बहीणच मुक्कामाले आली ना," बिल्डर हसला.

ते वर गेले. बहिणीची गादी खांद्यावर घेऊन उतरले. मागून ती रडत येत होती. मला त्यांचा राग आला होता, तरी मुकाट्याने आमच्या दाराला कुलूप लावलं.