पहिली फासळी कुणाची

सान तादेओ गावात दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, फुटबॉलच्या मैदानामागच्या निलगिरीखाली, अख्खं गाव एकत्र जेवतं. निमित्त काय, तर गावाचा संघ ज्या सामन्यात जिल्ह्याचा चषक हरला, त्याची आठवण. शेजारच्या गावांना याचं फार हसू येतं. जिंकलेल्यांनी जेवणं घालावीत हे समजू शकतं, पण हे लोक हरल्याचं मांस भाजतात! हसू देत बापडे. त्यांच्या संघांना हरल्याचं जेवण घालावं इतकं वरपर्यंत कधी जाताच आलं नाही.

जेवणाचा एक रिवाज आहे. मांस निखाऱ्यांवर चढलं की एकेक जण उठतो आणि आपण चषक कसा घालवला ते सांगतो. कुठलाही खेळाडू नव्हे, प्रेक्षक. कारण त्या वर्षी संघ एकामागून एक सामने जिंकत सुटला होता आणि तो कशामुळे जिंकतोय हे गावात प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. न्हावी ओरोस्मान म्हणे, माझ्या मिशीमुळे. पहिल्या विजयापासून त्याने तिला कात्री लावली नव्हती. औषधाच्या दुकानातली निल्दा म्हणे, माझ्या गळक्या नळामुळे; रेडिओवर सामना चालू असताना तो टपटपलाच पाहिजे. पाद्रीबाबांचासुद्धा एक मोजा होता, त्याबद्दल ते जास्त बोलत नसत. आणि शेवटच्या सामन्याआधी, कसं कोण जाणे, प्रत्येकाच्या हातून काहीतरी मोडलं. ओरोस्मानने मेव्हणीच्या लग्नातल्या फोटोसाठी मिशी उतरवली. निल्दाच्या नवऱ्याने जन्मात कधी नव्हे तो घरातला नळ दुरुस्त केला. सगळ्यांचं सांगून झालं की हात वर करून मतं पडतात, आणि ज्याचा अपराध सर्वांत मोठा ठरतो त्याला निखाऱ्यावरची पहिली फासळी मिळते. त्या फासळीसाठी लोक काय काय कबूल करतात ते ऐकण्यासारखं असतं.

दरवर्षी फासळी ओरोस्मान पटकावायचा. आणि दरवर्षी दुसरी यायची सेल्मीरा बेंतांकोर.

सेल्मीरा, पोरासोरांची 'दोन्या' म्हणजे बाई, संघाचे कपडे धुवायची. नवरा नदीवरच्या गाळ काढायच्या बोटीवर होता, तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. अंगणात दगडी हौद, संत्र्याच्या झाडापासून भिंतीपर्यंत ताणलेली तार आणि तारेवर हिरवे-पांढरे शर्ट, हाच तिचा संसार. सोमवारी तार भरली की गाव ओळखायचं, काल संघ खेळला. शर्टावरच्या डागांवरून तिला अख्खा सामना कळायचा. गवताचे डाग ज्याच्या शर्टावर नसतील त्याला ती गुरुवारी कपडे परत देताना विचारायची, "तू रविवारी बघायला गेला होतास का रे?"

आपल्या धुण्याचा तिला भारी अभिमान. त्यामुळे त्या वर्षी तिचा जीव एका भोकापायी मेटाकुटीला आला. आठ नंबरचा शर्ट विल्मार सिल्वेराचा. विल्मार म्हणजे लांब पायांचा, लाजाळू, तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. पहिल्याच सामन्याच्या दिवशी कुंपणाच्या तारेत अडकून त्याचा शर्ट काखेत फाटला, आणि त्याच फाटक्या शर्टात त्याने दोन गोल मारले. झालं. प्रशिक्षक, कप्तान, खुद्द विल्मार, सगळे सेल्मीराच्या दारात येऊन बजावून गेले, भोकाला हात लावायचा नाही.

"मी गावाची धोबीण आहे की भिकाऱ्यांची?" ती म्हणाली. पण ऐकलं तिने. अख्खा हंगाम ते भोक तारेवर वाऱ्याने हलत राहिलं आणि ती त्याच्याकडे पाठ करून कपडे पिळत राहिली.

शेवटच्या सामन्याला राजधानीतून फोटोग्राफर येणार अशी बातमी आली आणि सेल्मीराचा धीर सुटला. उद्या पेपरात फोटो येणार, विल्मार हात उंचावणार, आणि सगळ्या देशाला सान तादेओची फाटकी काख दिसणार! शनिवारी दुपारी तिने चष्मा लावला, हिरवा दोरा घेतला आणि ते भोक असं रफू केलं की विल्मारलासुद्धा अंगात घालताना कळलं नाही.

रविवारी सामना बरोबरीत होता. बरोबरी झाली तर चषक जिल्ह्याच्या शहराच्या संघाचा, एक गोल झाला तर आपला. अगदी शेवटाला पेनल्टी मिळाली. विल्मारने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, धावत आला. चेंडू आडव्या दांडीवर आदळून असा वर गेला की निलगिरीत जाऊन अडकला. फोटोग्राफरने फोटो काढला तो गोलरक्षकाचा. तोही शहरवाल्यांच्या.

विल्मारला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला सोसलं नसावं. महिन्याभरात तो बहिणीकडे निघून गेला, तासाभराच्या वाटेवरच्या गावात. तिथे त्याने सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं, लग्न केलं, केस पांढरे केले. जेवणाचं आमंत्रण दरवर्षी जायचं आणि दरवर्षी एकच उत्तर यायचं, दुकानात काम आहे. रविवारी.

सेल्मीराला ते उत्तर दरवर्षी टोचायचं. आपण शर्ट शिवला हे तिने गावाला केव्हाच सांगून टाकलं होतं, त्यावर ती दरवर्षी दुसरी येत होती. "शिवलं खरं, पण किती सुरेख शिवलं," असं म्हणून लोक हात खाली घ्यायचे. पण ज्याचा शर्ट त्याला सांगायची तिची छाती होत नव्हती. तो आपलं तोंड पाहणार नाही अशी भीती होती तिला. मग गेल्या हिवाळ्यात संघाचा कप्तान वारला. दफनाच्या वेळी सेल्मीराला दिसलं, कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर, टोपी हातात धरून, विल्मार उभा आहे. आत आला नाही. लोक बाहेर पडायच्या आत निघून गेला. त्या दिवशी तिने ठरवलं की आता पुरे.

जेवणाच्या आदल्या शुक्रवारी ती सकाळच्या बसने गेली. विल्मार एका सायकलीचं चाक फिरवून बघत होता. तिला पाहून त्याने घाईघाईने हात पुसले, खुर्ची दिली, माते नावाच्या, नळीने ओढायच्या कडू चहाचं पाणी गरम करायला ठेवलं.

"दोन्या सेल्मीरा, जेवणाला बोलवायला आला असाल तर—"

"जेवायला कोण बोलवतंय तुला? मी भांडायला आले आहे. म्हणजे तू माझ्याशी भांडावंस म्हणून आले आहे. बस खाली."

तो बसला. तिने पदरचं काही न घालता सगळं सांगितलं: फोटोग्राफर, चष्मा, हिरवा दोरा. ऐकता ऐकता विल्मारच्या हातातली मातेची नळी ओठांपर्यंत जाता जाता थांबली.

"तुम्ही... ते भोक शिवलंत?"

"शिवलं."

"शेवटच्या सामन्याआधी?"

"आदल्या दिवशी."

तो ताडकन उठला. "अहो, सगळ्या गावाने सांगितलं होतं हात लावू नका! मी स्वतः दारात येऊन सांगितलं होतं! एवढंसं भोक, ते तुम्हाला बघवलं नाही? फोटोसाठी? फोटो तरी कुठे आला माझा!" त्याचा आवाज इतका चढला की समोरचा पाववाला दारात आला. सेल्मीरा मात्र खुर्चीत बसून मनातल्या मनात सुखावत होती. इतक्या वर्षांत तिच्यावर या बाबतीत मनापासून रागावलेलं हे पहिलं माणूस.

मग त्याचा राग जसा चढला तसा उतरला. तो पुन्हा खाली बसला आणि मान हलवली. "नाही, दोन्या. तुम्ही माझं मन राखायला सांगताय. लाथ माझी होती. शर्ट काही लाथ मारत नाही."

"मग हे रविवारी येऊन सांग," सेल्मीरा म्हणाली. "तिथे रिवाज आहे. उगीच घरबसल्या कुणाला अपराधी होता येत नाही आमच्यात. रांगेत उभं राहावं लागतं."

रविवारी तो आला. टोपी डोळ्यांवर ओढून, बाकाच्या अगदी टोकाला बसला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, पण जरा जपूनच, जसं आजारातून उठलेल्या माणसाला मारतात. मांस चढलं. ओरोस्मानने मिशीचं सांगितलं. त्याला सवयीने हुकमी हुंदका येतो, तोही आला. निल्दाने नवऱ्याला सर्वांदेखत पुन्हा एकदा धुतलं. पाद्रीबाबा मोज्याबद्दल आजही काही बोलले नाहीत. सेल्मीराने भोकाचं सांगितलं.

मग टोकाला बसलेला विल्मार उठला. टोपी काढली.

"मी मारली पेनल्टी. वर गेली. तुम्ही सगळे हरलात ते माझ्यामुळे. बाकी काही नाही." एवढंच म्हणून तो खाली बसला.

निखाऱ्यावरचं मांस कुणीतरी उलटवलं. मग ओरोस्मानने सुस्कारा सोडला. "गड्यांनो, एवढ्या वर्षांत मिशीला असा प्रतिस्पर्धी आला नव्हता. मी माझं नाव मागे घेतो. मतं घ्या."

आणि हात वर व्हायला लागले. कुणी विल्मारसाठी, कुणी सेल्मीरासाठी. ज्यांनी विल्मारला हात दिले त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. इतक्या वर्षांनी माणूस आलाय, पहिली फासळी त्याला नको द्यायला? पण सेल्मीरा त्याचं तोंड बघत होती. एकेक हात वर जात होता तसतसा तो पांढरा पडत होता. फासळी मिळाली तर हा ती खाईल, नीट आभार मानेल आणि ते ओझं जन्मभरासाठी घेऊन संध्याकाळच्या बसने परत जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. देवा, मला फासळी दे, ती मनात म्हणाली. तिने देवाकडे स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं.

ओरोस्मानने दोनदा मोजलं. "सारखेच," तो म्हणाला. "दोघांनाही सारखेच. कुणी राहिलंय का हात वर करायचं?"

सगळ्यांच्या माना बाकाच्या टोकाकडे वळल्या. विल्मार राहिला होता.

त्याने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग त्याने सेल्मीराकडे पाहिलं. ती बाकावर पुढे सरकून, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती आणि तिच्या तोंडावर इतकी उघडीवाघडी हाव होती की त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून.

"सेल्मीरा," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला. "भोक शिवायला नको होतं."

"विल्मार दुसरा!" ओरोस्मान ओरडला, आणि निलगिरीखाली असा काही गलका उठला की मैदानावरची टिटवी उडून गेली. दुसरा! एका मताने! लोक बाकांवर थापा मारत होते, निल्दा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसता हसता रडत होती, आणि आता विल्मारच्या पाठीवर पडणाऱ्या थापांत जपणं वगैरे काही राहिलं नव्हतं.

पहिली फासळी लाकडी फळीवर घेऊन विल्मार स्वतःच आला. त्याने फळी सेल्मीरापुढे ठेवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसायचं विसरली होती.

"माझ्यामुळेच ना रे पोरा?" तिने विचारलं. "खरं सांग."

"हो, दोन्या सेल्मीरा," विल्मार म्हणाला. "तुमच्यामुळेच हरलो आपण."

मग त्याने तिच्या शेजारच्या माणसाला कोपराने सरकवलं, जागा करून घेतली आणि दोन माणसांचं जेवला.