भाला धरणाऱ्याचा दरबार

आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात चाळीस वर्षं मी नोकर झालो. नाटक दरसाल बदलायचं, पण राजा बदलायचा न्हाय आणि नोकरही बदलायचा न्हाय. राजाचा पार्ट एकाच घरात ठरलेला, कारण निपाणीहून पडदे आणि पेटीवाला आणायचा खर्च त्या घराचा. माझं घर खर्च करणारं नव्हतं, म्हणून माझ्या हातात भाला. सिंहासनाच्या मागं तीन तास उभं राहायचं आणि राजा "कोण आहे रे तिकडे?" म्हणाला की वाकून "आज्ञा महाराज" म्हणायचं. मी काय तिकडं नव्हतो, त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर होतो. पण राजाला नोकर दिसत न्हाय, ही नाटकातली रीतच. तो वाक्य विसरला की मागनं हळूच मीच सांगायचो. टाळ्या त्याला.

मी चौथीतनं शाळा सोडली, पण नोकराचं सगळीकडं हेच, एवढं मला कळतं. देवळात प्रवचनाला बसलं की महाराज सांगतात, दास व्हा, दासाला देव भेटतो. सांगताना त्यांचे पाय दुसराच कुणीतरी चेपत असतो. मारुतीनं चाकरी केली, त्याला शेंदूर मिळाला, गावोगाव देऊळ मिळालं. पण पुलासाठी दगड वाहिलेल्या बाकीच्या वानरांचं एक तरी देऊळ मला दाखवा. एकदा बेळगावचा किल्ला बघायला गेलो. सांगणारा म्हणाला, राजानं बांधला. एवढा मोठा खंदक बघून मी म्हटलं, एकट्यानं खणला म्हणायचा. लई कष्टाळू राजा.

हे सगळं मी घरी येऊन कारभारणीला ऐकवायचो. ती दिवसभर वखारीत तंबाखू निवडून शिंकत शिंकत घरी यायची आणि तशीच चुलीपुढं बसायची. मी पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून.

"जल्मभर नोकरच केलं गं मला ह्यांनी. एकदा तरी राजा व्हायचंय."

"वर्षातनं एक रात भाला धरता, आन् रडगाणं बारा म्हैने," ती भाकरी उलथत म्हणायची. "व्हा की राजा. मी म्होरं बसून बघीन."

"जमंल न्हवं मला?"

"तुमास्नी? लई झ्याक जमंल. सराव हाय की."

मला वाटायचं, सिंहासनामागं उभं राहून माझी सगळी वाक्यं पाठ झालीत, ते हिला ठाऊक आहे. मी खूश व्हायचो आणि म्हणायचो, "पानी आण."

गेल्या साली ती गेली. वखारीतली धूळ छातीत बसली होती. तेराव्याला महाराज बोलले, माउली पतीची दासी होऊन राहिली, तिच्या जन्माचं सोनं झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त मी डोलावली.

औंदा राजानं बेळगावात गुडघा बदलून घेतला, त्याला काय स्टेजवर चढवेना. नाटक बसवणारे मास्तर माझ्या दारात आले.

"अण्णा, औंदा राजा तुमी."

वर्षश्राद्ध व्हायचं होतं. तरी मी व्हय म्हटलं. मला राजा झालेलं तिला बघायचं होतं न्हवं?

शाळेच्या वर्गात तालीम. सिंहासन म्हणून प्लास्टिकची खुर्ची, नोकर म्हणून रिटायर झालेला बस-कंडक्टर. मी खुर्चीत बसलो, पायावर पाय टाकला आणि समोर बघतच म्हणालो, "कोण आहे रे तिकडे? पाणी आण!"

वर्गात टाळ्या. मास्तर पेटी सोडून उठले. "ह्येला म्हंत्यात राजा! मान सुदीक वळवली न्हाय! कुठं शिकलासा वो अण्णा?"

कुठं शिकलो ते मला तेव्हा कळलं. सोप्यात. चाळीस वर्षं, रोज तालीम, एक खाडा न्हाय. मी स्टेजवरचा नोकर, पहाटे फेटा उतरला की मोकळा. तिच्या नाटकाला पडदाच नव्हता. ती तेव्हाच बोलली होती, सराव हाय म्हणून. आणि मी वर पाणी मागितलं.

मी उठलो. कंडक्टर पेला धरून तसाच उभा.

"मास्तर, ह्यो पार्ट मला नको."

"आवो आत्ता तर झकास केलासा!"

"म्हणूनच नको. भाला द्या हिकडं."

मास्तर तापले. "यात्रा आठ दिवसांवर आली! आता राजा कुठनं आणू मी?"

"ह्या वर्गातला कुठलाबी गडी बशिवा खुर्चीत. सगळ्यांची घरात रोज तालीम हाय."

कंडक्टर हसला आणि मग हातातला पेला त्यानं खाली ठेवून दिला. शेवटी त्यालाच राजा केलं. चांगला जमला त्याला.

यात्रेत मी परत सिंहासनामागं उभा राहिलो. बायकांच्या बाजूला ती पोतं टाकून बसायची, तिथं दुसरंच कुणीतरी बसलं होतं. राजानं पाणी मागितलं. मी पेला दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता नेऊन दिला. चार पावलांचं काम. सोप्यापासून चूलही तेवढीच लांब होती.