यीस्टचा विटाळ

"बाजूला बसलीयस का गं?"

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या हातात यीस्ट वाढवायची प्लेट, तिच्यावर नको ती बुरशी आलेली. मागं वर्गातली पोरं. धाराशिवच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होते मी. सर तेव्हा नवेच लागलेले.

"घरी लोणच्याला शिवतीस का असली? मग इथं कशाला शिवलीस?"

पोरं हसली. एकजण म्हणाला, "सर, यीस्टला विटाळ झाला."

मी "व्हय सर" म्हणाले. एवढंच. प्लेट ठेवली. बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आत काय चालायचं, सांगते. आमच्या यीस्टचा एक जनुक बिघडलेला. गार ठेवलं तर पेशी दुभंगत राहायच्या. ऊब वाढवली की दुभंगणं बंद, मरायच्या. त्यांच्यात माणसाच्या जनुकांचे तुकडे सोडायचे आणि ऊब द्यायची. सगळं मेलेलं असताना एखादा ठिपका वाढला, तर त्यातला माणसाचा जनुक तेच काम करतो, असं समजायचं. यीस्टला माणसाचा जनुक चालत होता. माझा हात चालत नव्हता.

आणि मी ते मानलं. हे लिहायला पंचेचाळिशी उलटावी लागली. पुढं तिथंच शिकवायला लागले. बुरशी आली की पोरींना कोपऱ्यात घेऊन मीच विचारायचे. सर ओरडायचे, मी कुजबुजायचे. फरक तेवढाच. पोरी खाली मान घालून पायरीवर जायच्या. बुरशी येतच राहिली.

परवा पुन्हा आली. प्लेटा जळकोटच्या एका पोरीच्या. सर आता प्राचार्य. त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला.

दारातनंच म्हणाले, "मॅडम, विचारा तिला."

पोरगी माझ्याकडं बघत होती. सवयीनं माझं तोंड उघडलंसुद्धा.

"न्हाय विचारणार."

"काय?"

"बुरशी हवेतनं येती, सर. तुम्हीच शिकवलंत."

ते हसले. आवाज खाली आणला. "तिच्या प्रोजेक्टवर सही माझी लागते. लॅबची किल्ली ठेवा टेबलावर."

पोरगी दप्तर उचलायला लागली. "ऱ्हाऊ द्या मॅडम, जाते मी."

"बस. दुसऱ्या प्लेटांत यीस्टचं खाद्य ओत."

किल्ली मी मुठीत धरली. सर बूट वाजवत ऑफिसकडं गेले. पुढं काय करतील, ते मला ठाऊक आहे.

सही अडेल. माझी चौकशी लागेल. ठिपका उगवेल किंवा सगळं मरून जाईल. पण ह्या लॅबमध्ये पोरीच्या अंगाची विचारपूस होणार नाही. ज्याला करायची असेल, त्यानं आधी मला दारातनं ओढून बाहेर काढावं.