केझी कुणाचीच नव्हती

केझीला कुणी साधं "कशी आहेस?" विचारलं, तरी ती आधी विचारणाऱ्याच्या हातांकडे बघायची. हात रिकामे असले तर "बरी आहे" म्हणायची. हातात कागद-पेन्सिल दिसली तर तेवढंही सांगायची नाही. केंटकीतल्या एकाच मळ्यावर आम्ही दोघींनी अकरा हिवाळे ताग झोडला, पण ती डावखुरी आहे हे मला पाचव्या हिवाळ्यात कळलं. तू विचारलंच नव्हतंस ना, असं वर मलाच म्हणाली.

तिचं तोंड दुधाने पोळलेलं होतं. ती सात वर्षांची असताना त्यांच्या झोपडीत एक गोड बोलणारा गोरा पाहुणा आला. पोरांना साखरेचे खडे दिले आणि आईला म्हणाला, "छान आहेत हो लेकरं. यातली तुझी किती?" आईने कौतुकाने तिघांच्या डोक्यांवर हात ठेवला. पाहुण्याने वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांत केझीचे दोन्ही भाऊ विकले जाऊन नदीतून दक्षिणेला गेले. तेव्हापासून केझीचा एकच मंत्र होता. लिहिणाऱ्याला आपलं माणूस दाखवायचं नाही.

लग्न तिने शेजारच्या मळ्यावरच्या बरेलशी केलं. आमच्यात नवरा-बायकोने हात धरून आडव्या झाडूवरून उडी मारली की लग्न झालं. झाडूचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं बरेलच्या मावशीने. उडी मारून पाय जमिनीला लागायच्या आत केझी कुजबुजली, "हे कुणाला सांगायचं नाही."

"अगं, चाळीस माणसं बघतायत," मी म्हटलं.

"गोरं कुणी नाही ना?"

त्यांचा नियम ठरलेला होता. गोऱ्या माणसासमोर एकाने ओळख नाकारली, की दुसऱ्यानेही नाकारायची. दोन तोंडांतून दोन उत्तरं निघाली की पाठीवर चाबूक ठरलेला. बरेल शनिवारी भेटायला येताना गस्तवाल्यांनी अडवला, तर म्हणायचा, "केझी? नाव ऐकलं नाही बुवा." सहा वर्षांत दोघं एकदाही चुकले नाहीत. मला हसू यायचं, आणि मग हसल्याची लाज वाटायची.

दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांशी लढाई सुरू होऊन दोन वर्षं होत आली, तेव्हा वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा आला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून गुलाम मोकळे! आमचा धर्मोपदेशक वाचता वाचता मधेच थांबला. बंड केलेल्या राज्यांतलेच गुलाम मोकळे, असं त्यात लिहिलं होतं. केंटकीने बंड केलं नव्हतं.

"म्हणजे बघा," केझी म्हणाली, "जिथे त्याचं कुणी ऐकत नाही, तिथले सोडले. जिथे ऐकतात, तिथले ठेवले. हुशार आहे हं तुमचा अब्राहमबाबा!"

बरेलला राग आला. "सगळे एकदम सोडले तर केंटकीही बंडवाल्यांना जाऊन मिळेल. मग लढाईच हरला तर तू कुणाकडे जाणार? तो एकेक पायरी चढतोय."

"चढू दे. मी खाली उभी राहून बघते, पायरी मोडते का ते."

मला तो माणूस आवडायचा. पण केझीचं चुकलं असं मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नाही, तेव्हाही आणि आताही.

दीड वर्षाने उन्हाळ्यात बरेल पळून सरकारी फौजेच्या छावणीत गेला आणि शिपाई झाला. जो भरती होईल तो मोकळा, असा नियम होता. बायकापोरांचं मात्र नियमात काही नव्हतं. नवऱ्यांच्या मागून गेलेल्या बायकांना त्याच छावणीतून ऐन थंडीत गाड्यांत भरून बाहेर काढलं. कित्येक लेकरं गारठून गेली. केझी हे ऐकूनही ताग झोडत राहिली. आम्हा सगळ्यांना सुनवायची एवढी चांगली संधी तिने सोडली, तेव्हा मला भीती वाटली.

मग मार्च महिन्यात नवा कायदा आला, खाली राष्ट्राध्यक्षांची सही. शिपायाची बायको आणि मुलं मोकळी. छावणीत जायचं, नवऱ्याचं नाव सांगायचं, कागद घ्यायचा. बरेलने निरोप धाडला, "लगेच ये." केझी गेली नसती. पण मालकाने ठरवलं होतं की तिच्या सहा वर्षांच्या ऑर्फाला पुढच्या आठवड्यात आपल्या लेकीकडे लुईव्हिलला पाठवायचं, पाळणा हलवायला. एकदा गेलेलं पोर परत येतं का, ते केझीला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी मालक चर्चला गेले आणि आम्ही तिघी निघालो. मला कुणाची बायको व्हायची कधी हौस नव्हती, त्यामुळे त्या कायद्यात माझी काही सोय नव्हती. तरी गेले. केझीला एकटीला सोडलं असतं, तर ती अर्ध्या वाटेवरून स्वतःवरच संशय घेऊन परतली असती.

सोमवारी दुपारी छावणीत पोचलो. पहारेकरी आमच्याच रंगाचा होता, म्हणून मी त्याला केझीचं आणि बरेलचं नाव सांगितलं. त्याने बरेलला बोलावणं धाडलं आणि आम्हाला एका लाकडी खोलीत नेलं. टेबलामागे निळ्या कोटातला तरुण गोरा अधिकारी बसला होता. त्याने टाक शाईत बुडवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अहो बाई, बसा ना. घाबरू नका. नवऱ्याचं नाव काय तुमच्या?"

त्याने गुरकावून विचारलं असतं तर निभावलं असतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा गोऱ्या माणसाने तिला "अहो बाई" म्हटलं, आणि तिथेच घात झाला. तिची नजर टाकावर खिळली.

"मी कुणाची नाही," केझी म्हणाली.

त्याच क्षणी बरेल धापा टाकत दारात आला. नऊ महिन्यांनी बायको दिसली होती. हात पुढे झाले होते. तिचं उत्तर कानावर पडलं आणि हात तिथेच थांबले.

"शिपाई, ही तुमची बायको ना?"

अंगावर सरकारी कोट होता, तरी आत आमचाच बरेल होता. "नाही साहेब," तो म्हणाला. "ओळखत नाही."

अधिकारी चक्रावला. त्याने ऑर्फाकडे वाकून विचारलं, "बाळ, तुझी आई कुठली?"

ऑर्फाने केझीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठाऊक नाही," ती म्हणाली. स्पष्ट, न अडखळता. केझीने दोन वर्षं झोपायच्या आधी तिच्याकडून हे घोकून घेतलं होतं, आणि पोरगी शिकण्यात हुशार होती.

अधिकाऱ्याने मान हलवली आणि कागदावर काट मारायला टाक खाली आणला. केझीने त्याचं मनगटच धरलं. गोऱ्या माणसाचं मनगट!

"माझी आहे!" ती ओरडली. "ती माझी, तो माझा! लिहा! आधी लिहा!"

"आत्ताच तर नाही म्हणालात." आता संशय त्याच्या आवाजात होता. "मोकळं व्हायला रोज दहाजणी खोटं बोलतात इथे. साक्षीदार आहे का कुणी?"

मी दाराशी उभी होते, परवानगीवाचून पळून आलेली. नाव सांगितलं की मालकाचं नाव सांगावं लागणार, आणि मला माघारी धाडायला तेवढं पुरे होतं. माझ्या जिभेलाही "नाही"चीच सवय होती. ती उचलताना किती जड झाली, मलाच ठाऊक.

"मी आहे," मी म्हटलं. "यांच्या लग्नात झाडू मी धरला होता." आणि माझं नाव सांगितलं, रोडा, आणि मालकाचंही.

त्याने सगळं लिहून घेतलं. मालकाचं नाव लिहिताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण बोलला काही नाही. मग दोघांना खुणेची फुली मारायला लावली आणि कागद केझीच्या हातात दिला.

बाहेर वाटेवर शिपाई, खेचरं, धुण्याच्या कढया, नुसता गोंधळ होता. बरेल हुंदके देत होता. केझी चिखलात गुडघे टेकून बसली आणि ऑर्फाचे खांदे धरले.

"ऑर्फे, आता सांग. मोठ्याने सांग. मी तुझी कोण?"

ऑर्फाने इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे निळे कोट होते. तिने ओठ मिटून घेतले.

"अगं, आता चालतं. आता तुला कुणी नेणार नाही. सांग ना!"

"मी चुकते का ते बघतेयस तू," ऑर्फा म्हणाली. मग नीट ताठ उभी राहिली, "ठाऊक नाही" म्हणाली, आणि आई शाबासकी देईल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.