पाच शनिवारांचं मौन

आपल्या कामात आपण कुणाला हार जाणार नाही, अशी माझी पहिल्यापासून समजूत आहे, आणि ती फारशी चुकीचीही नाही. लहान मुलांना बोलतं करण्याचं, म्हणजे स्पीच थेरपीचं, शिक्षण मी पुण्यात चांगल्या गुणांनी पूर्ण केलं. तिथे नोकरीही मिळत होती. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मूल तीन-चार वर्षांचं होऊनही बोलत नसलं, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून घरचे वाट पाहतात, आणि पुढे उपचारांसाठी जिल्ह्याबाहेर खेपा घालतात. मला इथेच काम करायचं होतं. बुलढाण्यातल्या मुलांच्या एका दवाखान्यात जागा निघाली, तेव्हा ती माझीच असं धरून मी गेले. डॉक्टरांनी एका मुलासोबत अर्धा तास बसायला सांगितलं. मी चित्रं दाखवली, गाणी म्हटली, चिमणी झाले, म्हैसही झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचा अभ्यास पक्का आहे. पण अर्धा तास तुम्हीच बोललात. बघू, कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. घरी येऊन मी डॉक्टरांच्या नावाने खूप बडबडले. आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजाच्या बालाजीला नोकरीसाठी माझ्या वतीने नवस बोलून आली. "म्या कबूल केलंय," ती म्हणाली, "पाच शनवार तू दिवस मावळंपर्यंत तोंड उघडणार न्हाई." नवसासाठी लोक आवडती भाजी सोडतात, चहा सोडतात. आईने माझं बोलणं सोडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुला तेच लय प्यारं हाय ना." बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं मी तिला ऐकवलं. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईचा शब्द देवापाशी खोटा पाडायची छातीही नव्हती.

चार शनिवार मी देवळात जाऊन गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात देवाशी भांडले. काही घडलं नाही. पुण्याच्या नोकरीचा निरोप आला, की सोमवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवा. मधे एकच शनिवार होता, पाचवा.

त्या दिवशी मंडपात माझ्या शेजारी एक आजी येऊन बसल्या, सोबत साडेतीन वर्षांची नात. आजींचं माहेर देऊळगाव राजाचं, सासर बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचं. हे सगळं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. "इले समदं समजते व माय," त्या म्हणाल्या, "पन तोंडातून शबुद नाही काढत. देवाले सांगाले आनलं." मी नुसती मान हलवली. "काऊन व, तू बी बोलून नाही राह्यली?" मी ओठांवर बोट ठेवून मूर्तीकडे हात केला. आजी हसल्या. "हाव, मौन हाय वाटते."

माझा जीव मात्र तळमळत होता. समोर माझ्याच कामाचं मूल, आणि माझं तोंड बंद. एरवी मी "बोल बाळा, काय पाहिजे, बत्तासा पाहिजे?" असं दहादा विचारलं असतं. आता ते शक्य नव्हतं. प्रसादाच्या बत्ताशाचा एक तुकडा मी तिला दिला, उरलेला मुठीत धरला आणि तिच्याकडे पाहत राहिले. ती मुठीकडे बघे, माझ्या तोंडाकडे बघे. आजी काही बोलणार, तोच मी हाताने त्यांना थांबवलं. इतका वेळ मी कोणत्याच मुलासाठी कधी थांबले नव्हते. शेवटी तिने माझं बोट उचकटलं आणि म्हणाली, "दे."

मी तुकडा दिला. पुन्हा मूठ मिटली. पुन्हा "दे." आजींनी पदर डोळ्यांना लावला. "आमच्या घरी समदे बोलून राह्यले," त्या म्हणाल्या, "इले बोलाले टाइमच कोनं देल्ला नाही." मौनाच्या दिवशी बाजारात दाखवायला मी एक छोटी वही जवळ ठेवत असे. तिच्या पानावर माझं नाव, फोन नंबर आणि "आधी हिला नीट ऐकू येतं का ते तपासून घ्या" एवढं लिहून दिलं. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

सोमवारी अकराला मी पुण्याला होकार लिहायला बसले, तोच फोन वाजला. बुलढाण्याचे तेच डॉक्टर. नातीचे कान तपासायला आजी सकाळीच त्यांच्याकडे गेल्या होत्या, ती चिठ्ठी त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली होती आणि हीच बाई पाहिजे म्हणून अडून बसल्या होत्या. नाव वाचून डॉक्टर चकित झाले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही एक शब्द न बोलता हिला बोलतं केलंत, हे खरं?" पुण्याचा होकार तसाच राहिला. डॉक्टरांनी बोलावलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, एका नव्या मुलासमोर बसले आणि थांबले. नोकरी त्याच संध्याकाळी पक्की झाली.

याला चमत्कार म्हणावं की योगायोग, या वादात मी पडत नाही. आईने माझ्यासाठी बालाजीकडे नोकरी मागितली होती. त्याने आधी माझी घमेंड पाच शनिवार ठेवून घेतली आणि मग नोकरी दिली. घमेंड सगळी गेली असं नाही, आई साक्ष देईल. पण आपण पुरे पडतो ते कुणीतरी जागा करून देतं म्हणून, एवढं मी आता मानते.

नातीला ऐकू नीट येतं. ती दर शनिवारी माझ्याकडे येते. परवा आली आणि सवयीप्रमाणे मी गप्प बसून तिची वाट पाहत होते. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "बोल नं व." मी आधी चिमणी झाले, मग म्हैस.