जाहिरातींचा बंदोबस्त

आता तुमच्यापासून काय लपवायचं? उद्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. फक्त चहाचा घोट आधी गिळून घ्या.

मोबाईलवरच्या जाहिरातींनी मला अगदी छळलं होतं. बातमी उघडावी, ‘वसईत उद्या पाणी नाही’ एवढं वाचावं, आणि कुठल्या भागात नाही ते कळणार तोच त्यावर एक बाई टूथपेस्ट घेऊन हजर! तिला घालवायची फुली तिळाएवढी आणि माझं बोट भेंडीएवढं. फुली चुकली की थेट टूथपेस्टच्या दुकानात. एकदा पाणी आमच्याच गोखिवऱ्यात नव्हतं, आणि ते मला अंगाला साबण लावल्यावर कळलं.

म्हणून मी ते जाहिराती अडवणारं ॲड ब्लॉकर शिकून घेतलं आणि घरातल्या लॅपटॉपवर, दोघांच्या फोनवर बसवलं. काय सांगू, पानं कशी दिवाळीला आवरलेल्या माळ्यासारखी लख्ख झाली. मग माझ्या अंगातच आलं. बायकोला, म्हणजे सुनंदाला, कर्ज घ्या कर्ज घ्या म्हणून सारखे फोन यायचे. मी तिच्या फोनवर अनोळखी नंबर लागूच नयेत अशी सोय करून टाकली. तिला सांगितलं का? अहो, उपकार कधी सांगून करतात का?

त्याच सुमारास सुनंदाने सुकेळी करायला घेतली. तिचं माहेर गासचं, धाकट्या भावाची, सुरेशची, तिथे केळीची वाडी आहे. त्याने राजेळी केळ्यांचे घड व्यापाऱ्याला न देता बहिणीच्या शब्दावर राखून ठेवले. हिने गच्चीवर कावळ्यांशी भांडत केळी वाळवली, डबे भरले आणि वसईच्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर आयुष्यातली पहिली जाहिरात दिली. खाली तिचं नाव आणि तिचाच नंबर.

“ही खपली नाहीत तर सुरेशला कुठल्या तोंडाने भेटू?” ती म्हणाली.

रोज सकाळी मला विचारायची, “अहो, बघा ना, लागली का माझी जाहिरात?” मी माझ्या फोनवर बघायचो, तिच्या फोनवर बघायचो, लॅपटॉपवर बघायचो. कुठेच नाही. फोनही वाजेना. हळूहळू सुनंदा भरलेले डबे पुन्हा पुन्हा मोजत बसायला लागली. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, माझा स्वभावच तसा.

“फसवलंय तुला,” मी म्हणालो. “चल माझ्याबरोबर.”

त्या वेबसाइटचं ऑफिस वसई गावात, बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मालक तिशीचा, सभ्य दिसणारा. मी दारातूनच सुरुवात केली.

“कुठे आहे आमची जाहिरात?”

“पहिल्याच पानावर आहे की, काका.”

“आम्हाला काय आंधळे समजता? हे बघा.” मी फोन त्याच्या नाकापुढे धरला.

त्याने आपला कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. परातभर सुकेळी आणि खाली ठळक अक्षरांत सुनंदाचं नाव. सुनंदा ते बघतच राहिली.

“तुमच्याकडे ॲड ब्लॉकर आहे का, काका?”

इथे शहाण्या माणसाने प्यायला पाणी मागून विषय बदलला असता. मी म्हणालो, “असेल! पण जाहिरात होती तर एकही फोन का नाही आला?”

“उलट लोक मला विचारतात, त्या बाईंचा फोन सदा बिझी का असतो?” असं म्हणून त्याने तिथूनच सुनंदाचा नंबर लावला. त्याच्याकडे बिझी, आणि सुनंदाच्या हातातला फोन आपला ढिम्म. त्याने तो मागून घेतला, काहीतरी उघडलं. अडवलेले फोन. बोटाने वर सारत राहिला तरी संपेनात.

“अनोळखी नंबर कुणी बंद केले, मॅडम?”

मी खिडकीतून बाजार बघायला लागलो.

“ह्यांनी,” सुनंदा म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि एकेकाला फोन करायला लागली. मी शेजारून सूचना देत होतो. भाव नीट सांग, पत्ता विचार, हळू बोल. बघता बघता घरातल्या सगळ्या डब्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि वर मागणी उरली.

“तुम्ही गासला जा,” ती मला म्हणाली. “सुरेशला सांगा, उरलेले घड विकू नको.”

सुरेश एकदम खूश. “किती घड ठेवू, भावोजी? व्यापारी आत्ता येनार हाय.”

मी सुनंदाला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी.

“ऑर्डरी घेत असणार,” मी मोठ्या अभिमानाने म्हणालो. चहा झाला, वाडीत एक फेरी झाली, तरी बिझीच. तोवर व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा.

“थांबा, मी बघतो,” म्हणून सुरेशने स्वतःच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला सुनंदाने उचलला. त्याने स्पीकर चालू केला.

“ताई, भावोजींचा फोन तुला लागत नाय.”

“लागायचा नाही,” सुनंदा म्हणाली. “कामाच्या वेळी जे सारखे मधे मधे येतात, ते नंबर मी आता बंद ठेवते. तू बोल, घड किती उरलेत?”